ऐकणाऱ्या साहेबांना नमस्कार

माकुणसार,
११ नोव्हेंबर २०२५

चि. हेमांगी,

आशीर्वाद आधी, बातमी नंतर. पाकीट बघून दचकली असशील. घरी सगळे धडधाकट आहेत. तुझी आई वाडीत सुपाऱ्या वेचते आहे आणि मी ओट्यावर बसून लिहितो आहे. खिशात फोन असताना बाप पत्र का लिहितो म्हणशील, तर आता नीट बसून वाच. माझा फोन सरकार ऐकतं.

हसू नकोस. गेल्या महिन्यापासून कोणालाही फोन लावला की आधी टक्‌ असा आवाज येतो, मग माझाच आवाज मला परत ऐकू येतो, आणि फोन तव्यासारखा तापतो. सफाळ्याचा दुकानदार म्हणाला, काका, बॅटरी फुगलीय. त्याला बॅटरीपलीकडे काय दिसणार? मी नाला बचाव समितीचा अध्यक्ष झालो आणि आवाज सुरू झाला, एवढं मला पुरे आहे.

समितीचं तुला वरवर ठाऊक आहे, पण दिवाळीनंतर प्रकार वाढला आहे म्हणून लिहितो. बोईसरच्या काही कारखान्यांचं रसायनाचं पाणी रीतसर न्यायचं सोडून टँकरवाले ते डोंगराकडे आणतात आणि आपल्या नाल्यात ओततात. नाला वाडीतून खाडीकडे जातो. आपल्या विहिरीचं पाणी पिवळसर झालं आहे आणि पानवेलीची पानं कडेने जळू लागली आहेत. सात पिढ्या ह्या मळ्याचं पान मुंबईच्या बाजारात नाव काढून आहे, आणि माझ्या हयातीत ते जळावं हे मी होऊ देणार नाही. तहसीलदाराकडे गेलो, प्रदूषणवाल्यांकडे गेलो, दोन सभा घेतल्या. एवढ्या माणसाचा फोन सरकारने ऐकू नये तर कोणाचा ऐकावा?

तूच दिवाळीत बढतीचे पेढे घेऊन आलीस तेव्हा म्हणालीस की कोणाचाही फोन असा ऐकता येत नाही, गृहसचिवाची सही लागते, तिलाही मुदत असते, वर समिती बसून तपासते. आणि असे हुकूम तुमच्या मोबाईल कंपनीत आले की ते खरे आहेत का हे बघायचं काम आता तुझ्याकडे आलं. तुम्ही स्वतः काही ऐकत नाही, हुकूम तपासून नळ तेवढा सोडता, पुढे पाणी कोण भरतं ते बघत नाही, असंही म्हणालीस. तेव्हा मी पेढ्याकडे लक्ष देत होतो. आता कळतंय, म्हणजे गृहसचिवाने माझं नाव वाचलं असणार. आख्ख्या माकुणसारात असा माणूस मी एकटा.

तेव्हापासून मी फोनवर तोंड सांभाळून बोलतो. सुरुवातीलाच ‘ऐकणाऱ्या साहेबांना नमस्कार’ म्हणतो, मग शुद्ध मराठीत विषय मांडतो, नाल्याचं एखादं वाक्य घालतो, म्हणजे वरपर्यंत जाईल. तुझ्या आईने परवा केळव्याला मावशीला फोन केला तर मी मध्येच पाण्याचा मुद्दा सांगितला. ती चिडली. तिला ह्या गोष्टींचं मोल नाही.

एकच कळव. सही आपल्या राज्याच्या सचिवाची असते की दिल्लीच्या?

तुझा बाप,
शांताराम


माकुणसार,
३ डिसेंबर २०२५

चि. हेमांगी,

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. चार ओळींसाठी पाकीट वाया घालवणारी मुलगी माझ्या पोटी कशी आली कोण जाणे. ‘बाबा, कायदेशीर रीतीने फोन ऐकला जातो तेव्हा टक्‌ असा आवाज येत नाही. फोन बदला. बाकी ह्या विषयावर मला कधी काही विचारू नका.’ पहिलं वाक्य मी अण्णाला दाखवलं नाही. शेवटचं दाखवलं. विचारू नका म्हणते, म्हणजे पाणी मुरतंय, असंच कोणीही म्हणेल.

अण्णाला तू ओळखतेस, आपल्या पलीकडची वाडी, तुझ्या लग्नात जिलेबीवरून रुसलेला. तो समितीत आल्यापासून प्रत्येक गोष्टीत फाटे फोडतो. भर सभेत म्हणाला, “काय रं शांताराम, सरकारला दुसरा काम नाय काय? तुजा फोन ऐकून त्याला काय मिलनार, पानाचा भाव?” सगळे हसले. मीही हसलो, पण मनात टिपून ठेवलं.

खरी अडचण पुढे आहे. टँकर अडवायचा असं आम्ही दोनदा ठरवलं, नाक्यावर माणसं उभी केली, आणि दोन्ही वेळा टँकर फिरकलाच नाही. माणसं नसली की येतो. म्हणजे बेत फुटतो. अण्णाचं म्हणणं, माझा फोन सरकार ऐकत असेल तर तिथूनच बातमी गळते, तेव्हा अध्यक्षाने तरी फोन बंद ठेवावा. मी म्हटलं, मी फोन बंद ठेवला तर टँकर आल्याचं कळणार कसं? नाल्यावर चाक थांबायच्या आत मला खबर मिळते. हे मी जरा मोठ्याने म्हटलं. मग सगळे मागे लागले, खबर कोण देतं? ते मी सांगितलं नाही. तुलाही लिहिणार नाही. त्या माणसाला मी शब्द दिला आहे आणि शब्द हा शब्द असतो, मग समोर समिती असो की पोटची पोर.

पण अण्णाने तेवढ्यावर सोडलं नाही. “तुजी पोरगी तितंच हाय ना? मग विचार की तिला, आमचे फोन ऐकतात का नाय.” आता माघार घेणं माझ्या रक्तात नाही. मी म्हटलं, माझी मुलगी त्याच खुर्चीवर बसते. जानेवारीत मडक्यातल्या उकडहंडीच्या जेवणाला घरी येईल तेव्हा तुम्हा सगळ्यांसमोर सांगेल. नाही सांगितलं तर अध्यक्षपद सोडतो.

टाळ्या पडल्या. अण्णानेही वाजवल्या.

तेव्हा तुला फार काही करायचं नाही. नावंही नकोत. मडक्याभोवती बसलो की नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हण. मान हलवलीस तरी चालेल. बापासाठी मान हलवायला कुठला कायदा आड येतो?

अठरा तारखेच्या रविवारी ये. कोनफळं चांगली झाली आहेत, पापडी आई राखून ठेवते आहे.

तुझा बाप,
शांताराम


माकुणसार,
१९ जानेवारी २०२६

श्रीमती हेमांगी यांस, स. न. वि. वि.

कालच्या कार्यक्रमास आपण उपस्थित राहिलात त्याबद्दल आभारी आहोत. आपण ऐरोलीहून दोन गाड्या बदलून आलात, आईसाठी साडी आणलीत, हेही लक्षात आहे.

हे पत्र लिहिण्याचं कारण असं की काल जे झालं त्याची नोंद राहावी. मडकं फोडून वाफाळती उकडहंडी पानांवर वाढली होती. समितीची सगळी मंडळी पंगतीला होती. अण्णाने विषय काढला, मी आपल्याला विचारलं. मी हात जोडून नव्हे, पण नरमाईनेच विचारलं. आपण घास खाली ठेवलात आणि म्हणालात, “बाबा, ह्यावर मी बोलणार नाही. आजही नाही आणि कधीच नाही.” मी म्हटलं, नुसती मान हलव. आपण मान हलवली नाहीत. मी म्हटलं, माझी नसेल तर निदान समितीतल्या दुसऱ्या कोणाची गोष्ट सांग. आपण पानाकडे बघत राहिलात.

मग मी बोललो ते बोललो. “मग जेवायला कशाला आलीस?” असं मी म्हटलं. तुमच्या आई तेवढ्या म्हणाल्या, “जेवत्या पोरीला असा बोलतात काय वो?” आपण पानातलं सगळं संपवलंत, सगळ्यांच्या पत्रावळी उचललीत, हात धुतलेत आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलात. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

अध्यक्षपद मी तिथेच सोडलं. अण्णा आता अध्यक्ष आहे. काल मडक्यातल्या उरल्या शेंगा त्यानेच घरी नेल्या.

माणूस मुलीला शिकवतो, पुण्याला हॉस्टेलात ठेवतो, पानाच्या करंड्या विकून फी भरतो, ते कशासाठी? त्या मोठ्या खुर्चीवरून बापाला एक शब्द सांगता येऊ नये? शेजारच्याचा पोलिसातला मुलगासुद्धा बापाला सांगतो, आज नाक्यावर हेल्मेट बघतायत.

यापुढे मी आपल्याला फोन करणार नाही. आपणही तसदी घेऊ नये.

कळावे,
शांताराम राऊत


माकुणसार,
११ फेब्रुवारी २०२६

हेमांगी,

हे पत्र मी लिहीत नाही, तुझी आई लिहून घेते आहे. ती समोर बसली आहे आणि मी पूर्ण केल्याशिवाय चहा देणार नाही म्हणते. दर रविवारी तुम्ही दोघी तासभर बोलता हे मला दिसतं. माझा विषय निघाला की ती आवाज बारीक करते, तेही ऐकू येतं.

आईने सांगायला सांगितलेलं: तिचा गुडघा बरा आहे. लोणचं मुरलं आहे, कोणी येणार असेल तर पाठवेल.

माझ्याकडून सांगण्यासारखं काही नाही. अण्णाच्या फोनमध्येही आता टक्‌ असा आवाज येतो म्हणे. सभेत सांगत होता. मी म्हटलं, बॅटरी फुगली असेल.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही, आणि ती बोलायला मला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहितो. जिथून मला टँकरची खबर येते तिकडे दोन माणसं जीप घेऊन फिरताहेत. पाड्यावर घरोघरी विचारतात, फोन कोणाकोणाकडे आहे, रात्री कोण जागं असतं. मी त्या माणसाला सांगितलं, आता मला फोन करू नको. तर उत्तर आलं, “पानी माजेच शेळ्या पितात ना, दादा?” आणि परवा पुन्हा फोन आला. मी गाडीचा नंबर लिहून पोलिसांत दिला. त्यांनी घेतला आणि म्हणाले, ह्या वेळी गावात बोलू नका. त्यांचा सूर मला वेगळा वाटला, पण मी विचारलं नाही.

तुझ्यावर माझा राग आहे तसाच आहे. फक्त आई म्हणते आहे म्हणून खाली सही करतो.

शांताराम


माकुणसार,
९ मार्च २०२६

हेमांगी, माझ्या पोरी,

आज चहाची अट नाही. आई झोपली आहे, तिला अजून काही सांगितलं नाही. आधी तुला लिहितो.

परवा पालघरहून पोलिसांचा निरोप आला, जबाबासाठी या. मी लग्नाचा सदरा घातला. अण्णाच्या दारावरूनच गेलो आणि त्याने विचारायच्या आत सांगितलं, पालघरला बोलावलंय. मनात म्हणालो, आता सरकार समोरासमोर विचारणार. इतके दिवस ऐकलं, आता बघणार.

तिथे एक इन्स्पेक्टर बाई होत्या, तुझ्याच वयाच्या. बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, “काका, बोईसरच्या बबलूला ओळखता?” म्हटलं, त्याच्या टँकरचा वास ओळखतो. बबलू म्हणजे नाल्यात पाणी सोडणाऱ्या टँकरांचा ठेकेदार. बाई म्हणाल्या, त्याला आम्ही अटक केली आहे. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुलाच सांगतो आहे, ही गंमतच आहे, पण मला पुन्हा बोलल्याशिवाय राहवत नाही.

लोकांच्या फोनची माहिती चोरून विकणारा एक माणूस बबलूने मुंबईत गाठला. त्याने पोलिसांच्या मोठ्या साहेबाच्या नावाने खोटा हुकूम तयार केला, तातडीचा म्हणून, आणि मोबाईल कंपनीला पाठवला. ह्या नंबरवर कोणाचे फोन आले ते आत्ता द्या, आणि आजपासून बोलणं ऐकायची सोय करून द्या. बाईंनी नंबर वाचून दाखवला. माझा नंबर.

मी खुर्चीत ताठ झालो. तुला खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. म्हटलं, माझं बोलणं ऐकायला एवढा खटाटोप! बाई हसल्या. म्हणाल्या, “काका, तुमचं बोलणं त्याला नको होतं. ते तर केळवा रोडच्या टपरीवर चहा पिणाऱ्या कोणालाही पाठ आहे. टँकर अडवायचा बेत तो तिथूनच ऐकायचा. त्याला हवं होतं तुम्हाला फोन कोण करतं ते. चाक थांबायच्या आत खबर मिळते, असं तुम्हीच सभेत सांगितलंत ना?”

मी खुर्चीत परत मागे टेकलो.

आता नाव लिहायला हरकत नाही, कारण तिने स्वतः जबाब दिला आहे. कमळी. नाल्याच्या वळणावर तिचं एकटं घर आहे. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीचा तुकडा, नाचणी, दोन शेळ्या. नवरा दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातो तो पावसाच्या तोंडावर येतो, मधे ती आणि तिची मुलगी. टँकर आला की मला फोन करणारी तीच. ज्या ज्या रात्री टँकर आला त्या त्या रात्री माझ्या फोनवर एकच नंबर. बबलूला कागद वाचावाही लागला नसता, नुसतं बोट फिरवलं असतं तरी तिचं घर सापडलं असतं. आणि मी कमळीचं नाव कोणाला सांगितलं नाही म्हणून छाती काढून हिंडत होतो. नाव सोडून बाकी सगळं मीच सांगून बसलो होतो.

मी विचारलं, मग त्याला माहिती मिळाली का? बाई म्हणाल्या, नाही. कंपनीतल्या अधिकारी बाईंनी हुकूम हातात घेतला आणि खात्री करायला फोन लावला. कागदावर छापलेल्या नंबरवर नाही लावला, तिथे बबलूचाच माणूस बसला होता. त्यांनी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर साहेबांचं खरं कार्यालय गाठलं. असा हुकूम तिथून निघालाच नव्हता. त्यांनी काही दिलं नाही, लगेच वर कळवलं, आणि त्यातच लिहिलं की हा नंबर माझ्या वडिलांचा आहे, म्हणून हे प्रकरण माझ्या हातात ठेवू नये, दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं.

एवढं सांगून बाई थांबल्या. “तुमच्याच ना त्या? घरी काहीच बोलल्या नाहीत?”

मी म्हटलं, “कधीची गोष्ट?”

“सोळा जानेवारी. शुक्रवार होता.”

हेमांगी, रविवारी तू घरी होतीस.

बाई पुढे सांगत होत्या, की बबलूला मुद्दाम गाफील ठेवलं, तुमच्या कानावर गेलं असतं तर टपरीवर गेलं असतं आणि टोळी पसार झाली असती. मला अर्धंच ऐकू आलं. मला तुझं पान दिसत होतं. दोन दिवसांपूर्वी बापाचा नंबर खोट्या हुकमावर बघून तू आलीस. कोणी तरी तुझ्या घरावर टपलंय हे तुला ठाऊक होतं, मला नव्हतं. मी तुला पंगतीत उभं-आडवं घेत होतो, आणि तू एका शब्दाने मला गप्प करू शकली असतीस. ‘बाबा, तुमच्या जिवावर कोणी उठलंय, गप्प बसा’ म्हणाली असतीस तर मी तिथेच गार पडलो असतो. तू शेंगा सोलून खाल्ल्यास आणि पत्रावळी उचलल्यास.

येताना गाडीत मी एकच विचार करत होतो. मला जे हवं होतं आणि बबलूला जे हवं होतं ते एकच होतं. त्या खुर्चीवरून जे द्यायचं नसतं, तेच दोघांनाही पाहिजे होतं. त्याने खोटी सही पुढे केली, मी नातं पुढे केलं. जी मुलगी बापाच्या नात्याला हलली असती, ती खोट्या सहीलाही कधी तरी हलली असती, आणि मग कमळीचं काय झालं असतं ते मला लिहवत नाही. तू दोघांनाही एकच उत्तर दिलंस. माझा ऊर भरून आला. गाडीत समोरच्या बाकावरच्या एका बाईने विचारलं, काका, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, माझ्या मुलीला बढती मिळाली. ती म्हणाली, अभिनंदन. बढती गेल्या दिवाळीची, पण मला ती परवा कळली.

दुसऱ्या दिवशी कमळीकडे गेलो. सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. वाटलं, चिडेल. ती शेळीच्या पायातला काटा काढत होती. म्हणाली, “तुजी पोर बेस आहे, दादा. तू सभेत जरा कमी बोल.”

ते ‘जेवायला कशाला आलीस’ मी परत घेतो. पण चार माणसांत बोललेलं पाकिटात घालून परत घेता येत नाही, त्याची वेगळी व्यवस्था करतो. तोवर तुला फोन करायचं धाडस होत नाही, म्हणून हे पत्रच.

तुझा बाप


माकुणसार,
३० मार्च २०२६

चि. हेमांगी,

काल समितीची सभा झाली, आपल्याच अंगणात. मीच बोलावली. तुझ्या आईने पोहे केले आणि कारण विचारलं नाही, त्या अर्थी तिला तुझ्याकडून नाही तरी माझ्या तोंडावरून कळलं असणार.

आधी नाल्याचं सांगतो. बबलूचे टँकर बंद आहेत. प्रदूषणवाल्यांनी पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या, ज्या कारखान्याचं पाणी होतं त्याला नोटीस गेली. दुसरा कोणी बबलू उभा राहणार नाही असं नाही, म्हणून समिती चालू आहे. विहीर अजून पिवळीच आहे. पानवेलीला मात्र परवा वरच्या बाजूला नवा कोंब दिसला, तो हिरवागार आहे.

सभेला कमळी आली होती. पहिल्यांदाच. ओट्याच्या कडेला बसत होती, मी तिला आत खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, खबर देणारी ही. अण्णाने उठून स्वतः तिला पोह्यांची बशी दिली. अण्णा वाईट माणूस नाही, जिलेबी सोडली तर.

मग मी उभा राहिलो. म्हटलं, ह्याच घरात, तुमच्याचसमोर, मी माझ्या जेवत्या मुलीला म्हटलं होतं की जेवायला कशाला आलीस. ते मी तुमच्याचसमोर परत घेतो. तिने काय केलं ते पेपरात आलं आहे, नाव आलेलं नाही, आणि नाव मीही सांगणार नाही. पण ते वाचून तुम्हाला जे वाटेल ते वाटू द्या. तुझी आई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

मला वाटलं, झालं. मी बसायला गेलो, तर अण्णा म्हणाला, “ता सगला ठीक हाय. पन शांताराम, मूल प्रश्न रायलाच. बबलूचा खोटा हुकूम होता. सरकारचा खरा हाय का नाय? आपले फोन ऐकतात का नाय?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. हेमांगी, त्या टक्‌ आवाजाची मला अजूनही शंका येते. आतून अजूनही वाटतं की कुठे तरी कोणी तरी माझ्यासाठी कान देऊन बसलं असावं. पण आता ते तुला विचारावंसं वाटत नाही. उद्या तू स्वतःहून सांगायला आलीस तर मी कान झाकून घेईन.

मी पुन्हा उभा राहिलो. सदरा सारखा केला. आणि म्हटलं, “माझी मुलगी त्याच खुर्चीवर बसते. आणि मला माहीत नाही.”

अण्णा म्हणाला, “म्हंजे?”

“म्हणजे तिने मला सांगितलेलं नाही. आणि ती सांगणार नाही.”

पोरी, तीस वर्षं मी सभांतून बोलतो आहे. पण एवढ्या ताठ मानेने ‘मला माहीत नाही’ मी उभ्या जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

तुझा बाप,
शांताराम